विश्लेषण : दिल्लीत नसलेल्या औरंगजेबाचा ड्रेस्डेनमधील दरबार

जर्मनीतील ड्रेस्डेन शहराच्या ‘ग्रीन व्हॉल्ट’ संग्रहालयात २५ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटे चोरी झाली आणि कधी न ऐकलेले हे नाव जगभरच्या बातम्यांत आले. चोरांनी खालच्या मजल्यावरच्या ऐतिहासिक दालनातील हिऱ्यांचे दागिने पळवले. वरच्या मजल्यावरच्या नव्या दालनात ठेवलेली, या संग्रहातील सर्वात गाजलेली वस्तू मात्र जागेवर राहिली. तो आहे मोगल बादशहा औरंगजेबाच्या वाढदिवसाचा दरबार : बोटाएवढ्या सोन्याच्या १३२ आकृत्या, त्यांच्यावर मीनाकारीचे रंग, सोबत नजराणे घेऊन आलेले हत्ती, उंट, घोडे आणि खाली चांदीचा भव्य चौथरा. हा दरबार घडवणारा जवाहिऱ्या योहान मेल्शिओर डिंगलिंगर कधीही भारतात आला नव्हता. आणि त्याच्या भट्टीत हा दरबार भाजला जात होता, त्या वर्षांत खरा औरंगजेब सह्याद्रीत मराठ्यांच्या किल्ल्यांना वेढे घालत फिरत होता.

कोण होता डिंगलिंगर?

दक्षिण जर्मनीतील बिबेराख या छोट्या स्वायत्त शहरात २६ डिसेंबर १६६४ रोजी त्याचा जन्म झाला. वडील चाकू-सुऱ्या बनवणारे कारागीर, आईचे माहेर सोनाराचे. म्हणजे धातू आणि आगीशी घरातूनच ओळख. उल्म येथे सोनारकामाची उमेदवारी करून, त्या काळच्या रीतीप्रमाणे गावोगावी काम शिकून तो १६९२ मध्ये ड्रेस्डेनला आला आणि पुढच्या वर्षी तेथील सोनारांच्या संघाचा उस्ताद झाला. बाहेरच्या माणसाला अशा संघात शिरणे सोपे नसे. तो एकटाही राहिला नाही. धाकटे भाऊ गेओर्ग फ्रीडरिश आणि गेओर्ग क्रिस्टोफ हेही ड्रेस्डेनला आले. पहिला मीनाकारीत तरबेज, दुसरा रत्ने जडवण्यात. पुढे डिंगलिंगरच्या नावावर जमा झालेल्या कीर्तीतला मोठा वाटा या दोघांचा आहे. विशेषतः रंगांचे श्रेय फ्रीडरिशचे. कार्यशाळेवर नाव एकाचे आणि हात अनेकांचे, ही गोष्ट युरोपातील कलेच्या इतिहासात वारंवार दिसते. तरी येथे निदान भावांची नावे टिकली.

डिंगलिंगर ड्रेस्डेनला आल्यावर दोनच वर्षांनी, १६९४ मध्ये, फ्रीडरिश ऑगस्ट हा सॅक्सनीचा राज्यकर्ता झाला. इतिहास त्याला ‘बलवान ऑगस्ट’ म्हणून ओळखतो. १६९७ मध्ये त्याने धर्म बदलून आणि पैसा ओतून पोलंडचे राजपदही मिळवले. देखण्या वस्तूंचा सोस, दिखाव्याची हौस आणि कर्जाची मुळीच भीती नाही, असा हा राजा. १६९८ मध्ये डिंगलिंगर त्याचा दरबारी जवाहिऱ्या झाला आणि त्यानंतर दोघांची आयुष्ये एकमेकांत अडकली ती कायमची.

पहिली मोठी बाजी : सोन्याचा कॉफी-संच

औरंगजेबाच्या दरबाराआधी डिंगलिंगरने एक कॉफी-संच घडवला. १६९७ ते १७०१ अशी चार वर्षे त्यावर काम चालले. कप सोन्याचे, पण त्यांवर पांढरी मीनाकारी अशी चढवलेली, की ते चिनी मातीचे वाटावेत. हा उलटा हव्यास आज गमतीचा वाटेल. पण तेव्हा युरोपात चिनी मातीची खरी भांडी बनवण्याची कृती कोणालाच साधली नव्हती. ती ड्रेस्डेनमध्येच, १७०८ च्या सुमारास, बॉटगर आणि चिर्नहाउस यांना साधली आणि १७१० मध्ये माइसन येथे कारखाना निघाला. त्याआधी राजाला ‘पोर्सेलीन’ हवे, तर जवाहिऱ्याने ते सोन्यावर रंगवून द्यायचे.

या संचाची किंमत ५० हजार थालर लावली गेली. राजा तेव्हा वॉर्सात होता, म्हणून १७०१ च्या नाताळाच्या सुमारास तो तेथे नेऊन सादर करण्यात आला. हे पैसे एकरकमी हाती पडले नाहीत, आणि डिंगलिंगरने ते हाती पडण्याची वाट पाहिली नाही. त्याच वर्षी त्याने याहून मोठे काम सुरू केले होते, आणि तेही कोणी सांगितलेले नसताना.

औरंगजेबच का?

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात औरंगजेब हे नाव परिचित झाले होते. फ्रेंच वैद्य फ्रांस्वा बर्निए मोगल दरबाराच्या आश्रयाने अनेक वर्षे भारतात राहिला होता. जवाहिऱ्या जाँ बातिस्त ताव्हेर्निए याने पूर्वेकडे सहा सफरी केल्या आणि १६६५ मध्ये बादशहाची रत्ने त्याला प्रत्यक्ष हाताळायला मिळाली. दोघांचीही प्रवासवर्णने प्रसिद्ध झाली आणि इतर भाषांत गेली. इंग्लंडात तर जॉन ड्रायडनने बादशहा जिवंत असतानाच त्याच्यावर नाटक लिहिले होते. बादशहाच्या वाढदिवशी होणारी तुला, सरदारांनी आणलेले नजराणे, मयूरासन या गोष्टी वाचून युरोपातले राजे थक्क होत, आणि थोडे हळहळतही असावेत. कारण त्यांच्यापैकी बहुतेकांना असा निरंकुश अधिकार नव्हता. ऑगस्टला सॅक्सनीत करासाठी जमीनदारांच्या सभेची मनधरणी करावी लागे, आणि पोलंडात तर तो सरदारांनी निवडून दिलेला राजा होता. ज्याच्यापुढे सारे हात जोडून उभे आहेत, असा सम्राट पाहायला त्याला आवडणार, हे डिंगलिंगरने अचूक ओळखले.

यात एक गंमत दडली आहे. ज्या तुलादानाचे युरोपला एवढे अप्रूप होते, ती स्वतःची तुला करून घेण्याची प्रथा औरंगजेबाने कारकिर्दीच्या दुसऱ्या दशकातच सोडली होती. संगीत, झरोका-दर्शन यांच्याबरोबर तीही गेली. शिवाय १६८१ मध्ये दक्षिणेकडे निघालेला बादशहा दिल्लीला परतलाच नाही. डिंगलिंगरने चौथऱ्यावर मांडला तो ‘दिल्लीचा दरबार’ त्या वर्षांत दिल्लीत भरतच नव्हता. बादशहाची राजधानी म्हणजे तंबूंचे चालते शहर होते. राजाराम महाराजांच्या निधनानंतर ताराबाईंनी सूत्रे हाती घेतली होती, आणि ऐंशीच्या घरातला बादशहा एकेक गड घेत होता : १७०१ मध्ये पन्हाळा, १७०२ मध्ये विशाळगड, १७०३ मध्ये सिंहगड, १७०४ मध्ये राजगड आणि तोरणा. घेतलेले गड मराठे पुन्हा जिंकून घेत. विशाळगडाहून भर पावसाळ्यात परतताना मोगल छावणीची तर दाणादाण उडाली. ओढ्यांना पूर, घाटात चिखल, आणि त्यात हत्ती, उंट, बैल जागीच बसत आणि मरत. नेमक्या त्याच सुमारास ड्रेस्डेनमध्ये झुली पांघरलेले, रत्ने जडवलेले हत्ती भट्टीतून बाहेर निघत होते.

सोन्याचा हत्ती रंगवतात कसा?

या वस्तूचे खरे आश्चर्य हिऱ्यांपेक्षा रंगात आहे. मीनाकारी म्हणजे काचेची पूड धातूवर पसरून ती भट्टीत वितळवणे. रंग काचेत मिसळलेल्या धातूंच्या क्षारांतून येतात : कोबाल्टपासून निळा, तांब्यापासून हिरवा, कथिलापासून अपारदर्शक पांढरा. सपाट थाळीवर हे काम कठीण असतेच. चारी बाजूंनी दिसणाऱ्या, पाय, सोंड, फेटा आणि हात असलेल्या आकृतीवर ते कैक पटींनी कठीण होते. पूड उतारावरून घसरते, म्हणून सोन्याचा पृष्ठभाग आधी खरवडून खडबडीत करावा लागतो. आकृती भरीव ठेवली तर ती आतून-बाहेरून सारखी तापत नाही आणि निवताना काच तडकते, म्हणून ती पोकळ करतात. प्रत्येक रंगाचा वितळण्याचा बिंदू वेगळा. जो जास्त तापमान मागतो तो आधी, जो कमी मागतो तो नंतर, असा क्रम ठेवावा लागतो, नाही तर दुसऱ्या खेपेला पहिला रंग ओघळतो. भट्टी साधारण ७५० ते ८५० अंश सेल्सिअसपर्यंत जाते. सोने वितळायला तेथून फार अंतर उरत नाही, आणि डाक तर त्याआधीच सुटू शकतो. सातव्या खेपेला बिघडले, तर आधीच्या सहा खेपांची मेहनतही त्याच्याबरोबर गेली.

वाहन आणि स्वार अशी जोडआकृती असेल तर आणखी एक पेच. दोन्ही एकत्र घडवून रंगवायला घेतले, तर पायांच्या आतल्या बाजूला, खोगिराच्या कडेला, झुलीच्या घडीत पूड नीट बसत नाही. म्हणून भाग वेगळे घडवायचे, वेगळे भाजायचे आणि शेवटी खिळी किंवा स्क्रूने जोडायचे. रत्ने त्याहीनंतर, कारण भट्टीची आच आणि निवतानाचा झटका सगळ्यांना सोसत नाही. आज टेबलावरच्या काल्पनिक युद्धखेळांसाठी सिंहावर, पक्ष्यावर, अजगरावर बसलेले इंच-दीड इंचाचे योद्धे रंगवणारे शौकीन जगभर आहेत, भारतातही आहेत. तेही हेच करतात : स्वार वेगळा, वाहन वेगळे, कुंचला पोहोचत नाही तो कोपरा आधी, आणि तळाची बैठक सर्वात शेवटी. फरक एवढाच, की त्यांचा अॅक्रिलिक रंग चुकला तर पुसून पुन्हा देता येतो.

तळाच्या बैठकीचे महत्त्व डिंगलिंगरला पुरते कळले होते. सुट्या आकृत्या कितीही सुंदर असल्या, तरी त्या कशावर उभ्या आहेत यावर त्यांची गोष्ट ठरते. त्याचा चौथरा सुमारे १४२ सेंटिमीटर रुंद, ११४ सेंटिमीटर खोल आणि मागच्या कमानींसह ५८ सेंटिमीटर उंच आहे. चांदीचा, जागोजागी सोन्याचा मुलामा दिलेला. त्यावर एकामागे एक चढत जाणारी तीन प्रांगणे. पुढच्या प्रांगणात गर्दी, नजराणे, जनावरे. मधे पालख्या आणि बडे सरदार. सर्वात मागे, पायऱ्यांवर, छत्राखाली बादशहा. तो या आकृत्यांत मोठा नाही. पण साऱ्या दरबाराचा चढ त्याच्याकडे जातो, म्हणून नजर आपोआप तेथेच पोहोचते. आकृत्या चौथऱ्याला कायमच्या चिकटवलेल्या नाहीत. त्या सुट्या आहेत, उचलून पाहता येतात, मांडणी बदलता येते. राजाने हातात घेऊन खेळावे, अशी ही सोय.

त्यात खरे भारतीय किती? हत्ती, पालख्या, छत्र्या, जमिनीला टेकलेली कपाळे या गोष्टी प्रवासवर्णनांतून आल्या. पण कित्येक पोशाख, चेहरे आणि नक्षी सरळ चिनी वळणाची आहे. अधूनमधून प्राचीन इजिप्तची चिन्हेही डोकावतात. डिंगलिंगरसाठी ‘पूर्व’ हा एकच मोठा प्रदेश होता आणि त्यातले जे डोळ्यांत भरेल ते त्याने उचलले. इतिहासाचा पुरावा म्हणून हा दरबार कुचकामी आहे. युरोप भारताकडे काय म्हणून पाहत होता, याचा पुरावा म्हणून मात्र फार मोलाचा.

यात अस्सल भारतीय अशी एक गोष्ट आहेच, आणि ती म्हणजे हिरे. ब्राझीलमध्ये हिरे सापडले ते १७२० च्या दशकात. तोवर जगाच्या बाजारातला जवळजवळ प्रत्येक हिरा भारतातून, मुख्यतः गोवळकोंड्याच्या मुलखातून जात असे. आणि गोवळकोंडा औरंगजेबाने १६८७ मध्ये जिंकला होता.

राजा हरत असताना जवाहिऱ्याचे काय?

डिंगलिंगर बंधू आणि त्यांचे १४ मदतनीस १७०१ पासून सुमारे सात वर्षे या कामात गुंतले होते. सोने, रत्ने, कोळसा, मजुरी, सगळे डिंगलिंगरच्या जोखमीवर. विकत घेऊ शकेल असा गिऱ्हाईक एकच, आणि तो युद्धात अडकलेला. स्वीडनचा तरुण राजा बारावा चार्ल्स याने ऑगस्टला पोलंडात एकामागून एक पराभव चाखवले आणि १७०६ मध्ये थेट सॅक्सनीत फौजा घुसवल्या. आल्टरानश्टेटच्या तहाने ऑगस्टला पोलंडचा मुकुट सोडावा लागला. स्वीडिश फौज वर्षभर सॅक्सनीच्या छाताडावर बसून खंडणी वसूल करत राहिली. अशा वेळी खजिन्यातून खेळण्यातल्या बादशहासाठी पैसे निघणार कोठून?

तरी डिंगलिंगर थांबला नाही. थांबून उपयोगही नव्हता. अर्धवट दरबाराचे मोल वितळवलेल्या सोन्याहून फार नव्हते. १७०७ च्या ऑक्टोबरमध्ये त्याने राजाला सविस्तर पत्र लिहून कोणती आकृती कोण, कोणता नजराणा कोणाचा, हे समजावून सांगितले. आज संग्रहालयातली ओळख बरीचशी या पत्रावर उभी आहे. त्याच वर्षी ३ मार्चला खरा औरंगजेब अहिल्यानगरजवळ भिंगारच्या छावणीत मरण पावला होता. खुल्ताबादला उघड्या आकाशाखाली, कोणतीही सजावट नसलेली त्याची कबर बांधली गेली. डिंगलिंगरने पत्र लिहिले तेव्हा त्याच्या दरबारातला वाढदिवसाचा मानकरी सात महिन्यांपूर्वीच गेलेला होता.

१७०८ मध्ये काम पुरे झाले. १७०९ मध्ये पोल्टाव्हा येथे रशियाच्या पीटरने चार्ल्सचा कणा मोडला, ऑगस्टला पोलंड परत मिळाले आणि त्याच वर्षी त्याने हा दरबार विकत घेतला. किंमत ५८,४८५ थालर, एखाद्या महालाच्या बांधकामाच्या तोडीची. तीही हप्त्याहप्त्याने, आणि राजाकडून वसुली करताना कारागिराने आवाज चढवायचा नसतो.

नंतरची वर्षे कशी गेली?

चांगली गेली, असेच म्हणावे लागेल. दरबारावर काम सुरू असतानाच, १७०४ मध्ये, डिंगलिंगरने ‘डायनाचे स्नान’ हे कॅल्सेडनी दगडाचे पात्र पुरे केले होते. वर शिल्पकार बाल्थाझार पेर्मोझरने हस्तिदंतात कोरलेली देवी, खाली पात्र तोलणारी हरणाची शिंगे. याच पेर्मोझरबरोबर १७२४ मध्ये त्याने पाचूंचा अखंड गठ्ठा तबकात घेऊन उभा असलेला आफ्रिकी पुरुष सजवला. तो पाचूचा दगड कोलंबियातला, दीडशे वर्षांपूर्वी सम्राट दुसरा रुडॉल्फ याने सॅक्सनीला भेट दिलेला. ड्रेस्डेनमधले डिंगलिंगरचे घर पाहण्याजोगे मानले जाई, आणि रशियाचा झार पीटर १७१२ मध्ये राजवाडा सोडून तेथेच उतरला. स्वतः सुतारकाम आणि जहाजबांधणी शिकलेल्या झारला कारागिराच्या घरी अधिक मोकळे वाटले असावे. चित्रकार आन्त्वान पेन याने १७२१ मध्ये डिंगलिंगरचे व्यक्तिचित्र काढले. त्यात तो घरच्या अंगरख्यात, हातात ‘डायनाचे स्नान’ घेऊन बसलेला दिसतो. हे चित्र आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. त्याने पाच लग्ने केली, मुले वीसहून अधिक. त्या काळचे बालमृत्यू आणि बाळंतपणातले मृत्यू लक्षात घेतले, तर या आकड्यांमागे किती शोक असेल याचा अंदाज बांधता येतो.

भाऊ गेओर्ग फ्रीडरिश १७२० मध्ये गेला. डिंगलिंगरचे शेवटचे मोठे काम इजिप्तच्या पवित्र बैलाचे, एपिसचे, स्मारक. ते १७३१ मध्ये पुरे झाले आणि त्याच वर्षी ६ मार्चला ड्रेस्डेनमध्ये त्याचा मृत्यू झाला. इजिप्तही त्याने कधी पाहिला नव्हता.

दरबाराचे पुढे काय झाले?

ऑगस्टने १७२० च्या दशकात राजवाड्यातील आपले रत्नभांडार दालनांत मांडून पाहुण्यांना खुले केले, तोच ग्रीन व्हॉल्ट. दुसऱ्या महायुद्धात हा खजिना क्योनिगश्टाइनच्या डोंगरी किल्ल्यात हलवला गेला, म्हणून फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बवर्षावात राजवाडा जळाला तरी तो वाचला. युद्ध संपताच सोव्हिएत सैन्याने तो मॉस्कोला नेला. १९५८ मध्ये तो पूर्व जर्मनीला परत मिळाला. २००४ पासून औरंगजेबाचा दरबार राजवाड्यातील नव्या दालनात काचेआड आहे, आणि त्याच्याभोवती फिरून तो सर्व बाजूंनी पाहता येतो.

घडवला तेव्हा या दरबारावर ५,२२३ हिरे, १८९ माणके, १७५ पाचू, ५३ मोती, एक नीलम आणि दोन कोरीव खडे जडवलेले होते. आज हिरे ४,९०९ आहेत, माणके १६०, पाचू १६४ आणि मोती १६. म्हणजे ३९१ रत्ने कोंदणातून कधी ना कधी निखळून गेली. मीनाकारीचा रंग मात्र, भट्टीतून शेवटच्या खेपेला बाहेर आला तेव्हा होता तसाच, तीनशे वर्षांत फिका पडलेला नाही.